सोळा आण्यांची साखळी

मित्रांनो, बैल बांधायची साखळी समजू नका मला. मी जमीन मोजणारी जुनी साखळी आहे. कर्जतच्या लोहाराने मला इतके बडवले की अजून अंग ठणकते. दोन्ही टोकांना पितळी मुठी, लांबी तेहतीस फूट. माझे सोळा भाग, त्यातल्या प्रत्येकाला म्हणतात आणा. माझ्याएवढा लांब आणि माझ्याएवढाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा. तुमच्या मीटरला जमेल का असे?

एक मूठ भिमाजींच्या हाती, दुसरी त्यांच्या बायकोच्या, मनकर्णाबाईंच्या. अशी मी गावभर फिरले. माझा शब्द सोळा आणे खरा, म्हणून बांधावर भांडणारेही गप्प बसत. मग मोजणीची यंत्रे आली आणि मी खुंटीवर गंजत पडले.

भिमाजींनी दोन्ही मुलांना जमीन वाटून दिली होती. विहीर मच्छिंद्रच्या वावरात पलीकडच्या टोकाला गेली. पाणी दोघांचे, पण गहिनीनाथला तिथे जायला वाटच नव्हती. मरताना भिमाजी धापा टाकत मच्छिंद्रला एवढेच म्हणाले, "गहिनीला चार आणे सोड."

चार आणे म्हणजे पाव हिस्सा, असे गहिनीनाथने धरले. मच्छिंद्रच्या चार एकरांतला एक एकर! मच्छिंद्र म्हणाला, म्हातारा तापात बरळला. तेरावा उरकताच गहिनीनाथ मला घेऊन वावरात उतरला आणि मोजू लागला. मच्छिंद्रने मला तुडवले, भावाच्या छातीत लाथ घातली. गहिनीनाथने मला दुहेरी करून गरगर फिरवले. पहिल्या फटक्यात मच्छिंद्रचे दात पडले. दुसऱ्यात माझी मूठ त्याच्या डोळ्यात शिरली. अरे, ते माझे चार आणे, असे मी जीव तोडून ओरडत होते. पण लोखंडाचा नुसता खणखणाट होतो.

किंकाळी ऐकून मनकर्णाबाई धावत आल्या. कशावरून पेटले, हे त्यांना तोवर कुणी सांगितलेच नव्हते. ऐकले तशा त्या रक्तातच मटकन बसल्या.

"आरं, साखळीचं चार आणे. सव्वाआठ फूट. तुला हिरीवर जायाला गाडीवाट मागितली हुती त्यांनी."

गहिनीनाथच्या हातातून मी गळून पडले.

मच्छिंद्र वाचला, पण डोळा गेला. गहिनीनाथ तुरुंगात आहे. मी पोलीस ठाण्यात, माझ्या चिठ्ठीवर लिहिले आहे: हत्यार, लांबी दहा मीटर सहा सेंटिमीटर. हिशेब अगदी चोख. मला ओळखायला बोलावले, तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "सायेब, हत्यार न्हाई, माप हाय ते." साहेबांनी मान हलवली, चिठ्ठी मात्र तीच राहिली.

मित्रांनो, माप फुटाचे असो की आण्याचे, हात उचलण्याआधी ते कशाचे, एवढे विचारा. सांगणारी आई घरातच होती.