बर्गनचा कोल्हा

सन बाराशे पन्नासमध्ये नॉर्वेची राजधानी ऑस्लो नव्हती, हे अख्ख्या हुमनाबादेत एकट्या अमरदीपला ठाऊक होतं, आणि त्यातच त्याचं वाटोळं झालं.

हैदराबादची एक कंपनी जुन्या राजांच्या लढायांचा कॉम्प्युटर गेम काढत होती. नकाशावरच्या राजधान्या त्या त्या सालाला बरोबर आहेत का, हे तपासायचं काम स्टँडसमोरच्या श्रीपतरावांच्या कॉम्प्युटर क्लासला मिळालं होतं. एवढ्या स्वस्तात दुसरं कोण करणार? सहाजण कामाला होते. त्यांत मंठाळच्या भीमराजचा अमरदीप, इतिहासात एम.ए. झालेला, आणि शेजारच्या खुर्चीवर काशाप्पाचा मल्लेश. दोघं एकाच डब्यात जेवायचे.

गेममध्ये बाराशे पन्नासला ऑस्लो दाखवलं होतं. अमरदीपनं चार दिवस नेटवर डोळे फोडून टिपण लिहिलं: त्या काळी राज्याभिषेक बर्गनला, दरबार बर्गनला, ऑस्लोचा मान वाढला तो पुढं पन्नासएक वर्षांनी. टिपणाखाली नाव टाकायची क्लासात पद्धत नव्हती. ते गेलं आणि कंपनीच्या मॅडमचा निरोप आला. लिहिणाऱ्याशी उद्या फोनवर बोलायचंय, पसंत पडला तर थेट हैदराबादला नोकरी.

अमरदीपला आभाळ ठेंगणं झालं. तेवढ्यात श्रीपतरावांनी दोघांना आत बोलावलं.

"उद्या मल्लेश बोलंल. टिपण त्याचंच म्हणून सांगायचं."

"कामून सर? म्या लिवलंय की!"

"तुमच्यातल्यांना सरकार राखीव नोकऱ्या देतंय की रे. ह्याला कोण देणार? आन् उद्या मधी तोंड घातलास तर पुन्हा इकडं फिरकू नकोस. आता बस आन् ह्याला नीट शिकीव."

मल्लेशनं एक शब्द बोलायला हवा होता. मेल्यानं मान खाली घातली. बाहेर आल्यावर म्हणतो कसा, "मी गेलो की तुलाबी बोलावून घेतो, अमऱ्या."

अमरदीपच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तो शिकवायला बसला, आणि काय गोडीनं शिकवलं म्हणता!

"राजा ऑस्लोहून शिकारीला निघाला. कुत्रा कोल्ह्यामागं धावला, तर कोल्हाच उलटला कुत्र्यावर. राजा म्हणाला, ह्या मातीत दम हाय. तिथंच बर्गन वसवलं."

अहो, ही गोष्ट बीदरची! गुलबर्ग्याहून सुलतानानं राजधानी बीदरला कशी आणली, ते इकडं शेंबडं पोरही असंच सांगतं. परमुलखातला कुणी असता तर चटकन हसला असता. मल्लेशला मात्र, लहानपणापासून तसलीच ऐकलेली म्हणून, लगेच पटली.

"आपल्या बीदरसारखंच की!"

"राजे सगळीकडं सारखेच."

अमरदीपचा हिशेब सरळ होता. मॅडम खोटं पकडतील, खरं कुणी लिहिलं म्हणून विचारतील, मग आपण उठायचं. श्रीपतरावांनी हाकललं तर हाकललं, नोकरी तर हैदराबादची होती.

दुसऱ्या दिवशी फोन स्पीकरवर लावला. सगळे भोवती उभे राहिले. मल्लेशनं हातवारे करत मोडक्या हिंदीत कोल्हा पळवला, कुत्रा पळवला, बर्गन वसवलं.

"हे टिपणात नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "टिपण लिहिलं कोणी?"

"मी लिहिलं, मॅडम. अमरदीप."

"मग ह्यांना कोल्हा कोणी सांगितला?"

मल्लेशला वाटलं, आता तरी मित्राचं भलं करावं. तो मोठ्या तोंडानं म्हणाला, "ह्यानंच की, मॅडम! सगळं ह्यानंच शिकवलंय. लई अभ्यास हाय ह्याचा!"

"म्हणजे खरं माहीत असून हा खोटं सांगतो," मॅडम म्हणाल्या. "असा माणूस मला नको. आणि तुमच्याकडून आलेलं बाकीचं तरी कशावरून खरं? हुमनाबादचं काम आजपासून बंद."

फोन कट झाला. श्रीपतरावांनी शिव्या घालत सहाही जणांना बाहेर काढलं. अमरदीपची तर गचांडीच धरली.

पायऱ्यांवर मल्लेश रडकुंडीला आला होता. त्यानं अमरदीपचा हात धरला.

"माफ कर रे, अमऱ्या. माझ्यापायी तुझंबी गेलं. पर सगळं तर तू सांगितल्यावानीच म्हणलो की. कुठं चुकलो?"

मल्लेश उत्तराची वाट बघत हात धरूनच उभा राहिला.