बाळकुमच्या देवाचा श्वास

त्या सोमवारी बाळकुमची मिठागरं ओस पडली होती आणि मिठाच्या जुन्या कोठारापुढे पाय ठेवायला जागा नव्हती. ठाण्याहून, माजिवड्याहून, पार शीळफाट्याकडून बैलगाड्या आल्या होत्या. कोठारात दगडी चौथऱ्यावर मारुतीचा शेंदरी मुखवटा होता, तोंड आभाळाकडे उघडलेलं. त्या तोंडाच्या हातभर वर, कशालाही न टेकता, कवठाएवढा सोन्याचा गोळा हवेत तरंगत होता. दोरी नाही, तार नाही, टेकण नाही.

मारुतबाबा चौथऱ्याशेजारी फळीवर खडावा घालून उभे राहत आणि कुणाला शंका नको म्हणून हातातली छडी गोळ्याच्या वरून, डावीकडून, उजवीकडून फिरवून दाखवत. खालून मात्र फिरवत नसत. खाली देवाचा श्वास असतो, तो कापला तर सात पिढ्या दम्याने मरतात, असा त्यांचा शास्त्रार्थ होता.

"एकोणपन्नास मरुत माझ्या ओंजळीत आहेत!" बाबा गरजत. "विलायतेहून तार आली, गोळा पाठवा म्हणून. मी म्हटलं, हट्! बाळकुमची माणसं पुण्यवान, गोळा इथंच राहील. ॐ वायवे फट्, फूं फूं स्वाहा! बोला भक्तहो, खऱ्याच्या पुढे श्वास चालतो आणि पाप्याच्या पुढे?"

"थांबतो!" गर्दी ओरडे. लगेच झांजा, ढोल आणि शंख यांचा असा गदारोळ उठे, की शेजारच्याचा आवाज ऐकू येऊ नये. बाबांचा एकुलता एक चेला धोंडीबा दर्शनाच्या वेळी कधीच दिसत नसे. तो तळघरात समाधी लावून बसतो, असं बाबा सांगत. समाधीतून उठला की तो घामाने निथळत असे, हा त्याच्या तपाचा पुरावा!

मी तेव्हा बाळकुमच्या सरकारी शाळेत मास्तर होतो. सन १८८६च्या आसपासची ही गोष्ट. मी तो गोळा जवळून पाहिला, धागा शोधला, काच आहे की काय म्हणून डोळे ताणले. काही सापडलं नाही. हा चमत्कार नाही, एवढं मला कळत होतं. मग काय आहे, हे कळत नव्हतं.

सोन्याचा गोळा नुसता तरंगत राहिला असता, तर मीही त्याला नमस्कार करून घरी गेलो असतो. पण त्या साली गावात हिवतापाने चार-पाच पोरं दगावली. गोदा म्हणून एक मिठागरावर राबणारी बाई होती, तिचा मुलगाही त्यात गेला. पोरं कुणी खाल्ली, हा प्रश्न बाबांपुढे गेला आणि तो नेला काळुरामने. काळुरामची धाकटी भावजय तुळसा विधवा होती. नवऱ्यामागे त्याचं भातशेत ती एकटी कसत होती आणि काही केल्या ते दिराच्या हवाली करत नव्हती. त्या सोमवारी बाबांनी गावातल्या बाया एकेक करून गोळ्यापुढे उभ्या केल्या. तुळसा पुढे आली आणि गोळा टपकन खाली पडला.

"चेटकीण!" काळुराम ओरडला. बाकीच्यांच्या आधी, आणि जरा जास्तच तयारीने.

बाबांनी दयाळूपणे हात वर केला. "देव पुन्हा एकदा संधी देतो. शनिवारी शेवटचा कौल. पडला, तर हिच्या तोंडाला काळं फासा आणि खाडीपार घालवा."

संध्याकाळी मी तुळसाच्या झोपडीत गेलो. ती मडकी एकात एक रचत होती.

"मना सांगा मास्तर," ती म्हणाली, "मी कोनाचा काय वाईट केलाय? गोदाचा पोर माज्या मांडीवर खेलाचा. त्याला मी खाईन?"

दुसऱ्या दिवशी आगगाडीने मी कल्याण गाठलं.

कल्याणला बंदराच्या बाजूला एक ओतकारखाना होता. तिथे माझा मित्र विश्राम लेथवर काम करी. घराणं कातारी, लाटणी, भोवरे आणि पाळण्याचे खांब कातणारं. विश्राम लाकडावरून लोखंडावर गेला, एवढाच फरक. हात सोन्याचा आणि तोंड त्याहून मोठं. "माझ्यासारखा सूतभरही माप न चुकवणारा मुंबईत दाखवा," हे वाक्य तो 'राम राम'च्या जागी वापरी. दुसरं वाक्य त्याच्या झडपेबद्दल असे. भट्टीला वारा घालायला कारखान्यात हाताने फिरवायचा पंखा आला होता. माणूस जोरात फिरवी तेव्हा झोत भडके, दमला की मंदावे. विश्रामने वजन लावलेली एक झडप बनवली. वारा वाढला की ती आपोआप मिटे, कमी झाला की उघडे, आणि पलीकडे झोत सारखाच राही. साहेबाने ती पाहिली, हसला, म्हणाला, माणसालाच नीट फिरवायला सांगा, ते स्वस्त पडेल. झडप भंगारात गेली. विश्राम ते कधी विसरला नाही आणि आम्हालाही विसरू देत नसे.

मी गोळ्याची हकिकत सांगितली. तो कंटाळून ऐकत होता, पण मध्येच त्याने विचारलं, "हलतो का?"

"कोण?"

"गोळा. वरखाली नाचतो का?"

"नाही. एका जागी गोल फिरतो फक्त."

विश्राम उठून उभा राहिला. "मास्तर, भात्याचा वारा असेल तर गोळा उड्या मारेल. पंख्याचा असेल तर निदान डुलेल. स्थिर? स्थिर ठेवायला..." तो अंगरखा चढवून माझ्याआधी स्टेशनवर पोचला.

गुरुवारी आम्ही दर्शनाला गेलो. विश्राम गर्दीत मान वर करून गोळ्याकडे पाहत राहिला. पाहता पाहता त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"बगा, बगा, कल्यानचा मानूस कसा रडतंय!" शेजारची म्हातारी म्हणाली. "असा भाव पायजे!"

त्याला कोठाराबाहेर ओढत मी विचारलं, "अरे, तुला झालं काय?"

"चालते रे मास्तर," तो हुंदका देत म्हणाला. "माझी झडप चालते! दुसऱ्या कशानेही एवढा सारखा झोत येणारच नाही. ती इथे, या जमिनीखाली आहे. आणि तो बाबा? तो आमचा रघू. भट्टीवर कोळसा टाकायचा. एक दिवस पळाला, त्याच सुमारास भंगारातला जुना पंखाही गेला."

रघूनेही त्याला ओळखलं होतं. दुपारी निरोप आला. कोठारामागे बाबा आम्हाला भेटले तेव्हा ना मरुत होते ना स्वाहा.

"विश्रामभाऊ," तो सरळ म्हणाला, "साहेबानं तुझी वस्तू भंगारात फेकली. मी देव्हाऱ्याखाली बसवली. सांग, तुझी कदर कोणी केली? माझ्याकडे ये. विठ्ठलवाडीला दुसरं ठाणं काढतो. अशा आणखी झडपा कर. लेथ घेऊन देतो, तुझा स्वतःचा. शनिवारी माझ्या शेजारी बस, पट्टशिष्य म्हणून."

विश्रामने नाही म्हटलं नाही. मी त्याला दंडाला धरून तिथून काढलं.

खाडीच्या बांधावरून जाताना तो एकदम म्हणाला, "हजार माणसं हात जोडतात, मास्तर. साहेब हसला होता."

"मारुतीला जोडतात. तुझ्या झडपेला नाही. तुझं नाव त्यांतल्या एकालाही माहीत नाही, आणि रघू ते कधी सांगणारही नाही."

हे त्याला झोंबलं. पण नुसत्या झोंबण्याने तो वळला असता की नाही, देव जाणे. मी त्याला तुळसाच्या झोपडीत नेलं. तिची मडकी बांधून झाली होती. मी तिला सारं सांगितलं. तिने विश्रामकडे पाहिलं.

"तुमी केलंय ते यंत्र?"

"होय," विश्राम म्हणाला. छाती फुगायला लागली होती.

"मग त्याला कसा कललं, मी चेटकीन हाय?"

छाती खाली बसली. "त्याला काही कळत नाही, बाई. माझी झडप वारा धरते. पाप-पुण्य नाही धरत. रघू टाचेने फळी दाबतो, झडप मिटते आणि गोळा पडतो."

"तेवढाच लोकांना सांगा," तुळसा म्हणाली. "मना चांगली म्हना, असा नाय बोलत मी."

विश्रामने ती बांधलेली मडकी एकदा पाहिली. मग त्याने मला विचारलं, "पंखा फुंकतो तेवढा वारा कुठून तरी ओढतोही. कोठाराच्या मागे भिंतीला भोक असलंच पाहिजे. शोधशील?"

मी शोधलं. मागच्या भिंतीत, जमिनीलगत, चटईआड एक खिडकी होती. चटई आत ओढली जात होती.

शनिवारी विश्राम पट्टशिष्य म्हणून बाबांच्या शेजारी बसला, गळ्यात रुईची माळ. समोर तुळसा उभी होती. मी कोठारामागे होतो, शेजारी भाताच्या तुसाने भरलेल्या टोपल्या घेऊन. विश्रामशी ठरलं होतं, की शंख वाजला की सुरुवात करायची.

शंख वाजला. मी चटई बाजूला केली आणि टोपली रिकामी केली. तूस सपकन आत गेलं. दुसरी टोपली, तिसरी. आतून आधी झांजा थांबल्या, मग ढोल, मग एकच हलकल्लोळ. मी धावत पुढे आलो.

मारुतीराय तूस ओकत होते. छपरापर्यंत पिवळा फवारा उडत होता आणि बाबांच्या जटांवर, शेंदरावर, आरतीच्या ताटात बरसत होता. गोळा त्यातच गरागरा फिरत होता. तेवढ्यात चौथऱ्यामागचं तळघराचं झाकण उचललं गेलं आणि समाधिस्थ धोंडीबा डोळे चोळत, खोकत, नखशिखान्त तूस होऊन बाहेर आला.

"बाबा, मी नाय फिरवत आता!" तो ओरडला. "नाकात गेलाय सगला!"

तो बाहेर आला आणि फवारा बसला. गोळा खाली पडून गडगडत काळुरामच्या पायाशी गेला.

"देवाचा कोप!" बाबा किंचाळले. "त्या चेटकिणीने..."

"गप, रघू!" विश्राम उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज त्याला साजेलसा मोठा लागला. त्याने गोळा उचलला, नखाने बेगड सोलली. आत पांढरंशुभ्र भेंड निघालं, गणपतीच्या मखराला लावतात ते. "हे तुमचं सोनं. लोकहो, खाली या आणि बघा. पंखा कारखान्यातून चोरलेला. झडप मी केलेली, कल्याणच्या विश्राम कातारीने. वारा गोळ्याला वर ढकलतो. गोळा बाजूला घसरू लागला, की झोतच त्याला परत मध्ये ओढून घेतो. पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्या, तोंड वर करून फुंका, वर भेंडाची गोळी सोडा. तुमची पोरंही करतील!"

माणसं पाच-पाचच्या टोळीने तळघरात उतरली आणि गप्प होऊन वर आली. धोंडीबाला तोंड धुवायला लावून पुन्हा पंख्यावर बसवलं. गोळा पुन्हा तरंगला. विश्रामने बाबांना खांद्याला धरून फळीवरून खाली उतरवलं आणि तिथे तुळसाला उभं केलं.

"काळुरामभाऊ, या पुढे. घाबरता कशाला? तुम्ही तर सत्यवान."

काळुराम आला. न येऊन सांगतो कुणाला?

"बाई, टाच दाबा."

तुळसाने टाच दाबली. गोळा काळुरामच्या पुढ्यात टपकन पडला. तिने पाय उचलला, विश्रामने गोळा झोतात सोडताच तो पुन्हा तरंगला. पुन्हा दाबली, पुन्हा पडला. आधी पोरं हसली, मग बाया, मग सारं कोठार. काळुराम त्या हसण्यातून वाट काढत निघून गेला आणि भातशेताचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

रघूला ठाण्याच्या फौजदाराकडे नेलं, तेव्हाही दोन बाया वाटेत त्याच्या पाया पडल्या. तूस देवाचा प्रसाद म्हणून पदरात बांधून नेणारेही निघाले. आणि कारखान्याच्या साहेबाने चोरीचा पंखा परत घेताना झडपेकडे बघून म्हटलं, "हे कुणी केलं? बरं दिसतंय." विश्रामने उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गर्दी पांगली तरी गोदा मात्र चौथऱ्यापाशी बसून होती. मी जवळ गेलो.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "तुलसानं नाय खाल्ला. मग माजा पोर मेला कनानं?"

कोठारातलं हसू माझ्या तोंडावर अजून होतं. ते विरून गेलं.

"तापाने, गोदाबाई."

"आन् ताप कनानं आला?"

"ते मला ठाऊक नाही. डॉक्टरांनाही अजून नीट उमगलेलं नाही. शोधतायत. एक दिवस सापडेल."

"बाबाला ठावं होता," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. नुसती थकलेली होती ती.

"बाबाला उत्तर ठाऊक नव्हतं. त्याने फक्त नाव दिलं. तुम्हाला उत्तर हवं होतं आणि त्याने माणूस दिला."

तुळसा दाराशी उभी होती. ती येऊन गोदाच्या शेजारी टेकली.

वाचकहो, बुवाच्या युक्त्या काही फार खोल नसतात. पंखा, झडप, फळी, संपलं. खोल असतं ते गोदाचं दुःख, आणि बुवा आपली यंत्रं त्या दुःखाच्या तळघरातच बसवतो. म्हणून कुणी अधांतरी काही दाखवलं, तर वर पाहून हात जोडण्याआधी खाली वाकून पाहा. आणि जे कळत नाही त्याला "कळत नाही" म्हणायची लाज बाळगू नका. 'कळत नाही' म्हणणारा माणूस उद्या शोधायला निघतो. सगळं कळलं म्हणणाऱ्याला मात्र आजच एक तुळसा लागते.