माझ्या सहीचा शनी

आमच्या कॉलनीच्या क्लबात शनीचा जो फोटो लावलाय तो खोटा आहे. हे मी चार वेळा सांगितलं आणि चारही वेळा लोक हसले. म्हणून आता लिहून ठेवतो.

मी श्रीरंग. कारखान्यात एक्झामिनर. बावीस वर्षं माझ्या हातात मापाची दोन गेज आहेत. एक भोकात शिरलं पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. दोन्ही बरोबर असलं तर मालावर माझा शिक्का पडतो, नंबर एकेचाळीस. फोरमनने विनवण्या केल्या, धमक्या दिल्या, चहा पाजला, तरी वाकडा माल मी कधी पास केला नाही. त्यामुळे माझं कोणाशी फारसं पटत नाही, आणि त्याचं मला दुःखही नाही.

दुर्बीण मी स्वतः केली. सहा इंच व्यासाची जाड काच भंगारातून आणली, परसात तेलाच्या पिंपावर ठेवली आणि तिच्याभोवती गोल फिरत दोन वर्षं घासली. गुडघे गेले, पण आरसा झाला. पत्र्याची नळी लोहाराकडून करून घेतली. पहिल्यांदा शनी दिसला तेव्हा त्याची कडी इतकी स्वच्छ होती की मी ज्योतीला, माझ्या मुलीला, हाक मारायचंही विसरलो. ज्योतीची आई म्हणाली, "नऊ ग्रहांत तुम्हाला हाच सापडला काय?"

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. लढाई सुरू झाली, आमचा ओव्हरटाइम सुरू झाला, रोज संध्याकाळी सगळं जबलपूर काळोखात जाऊ लागलं. आणि भय्यासाहेब वॉर्डन झाले. भय्यासाहेब म्हणजे आमच्या कॉलनीच्या कमिटीचे अध्यक्ष, ऑफिसात हेडक्लार्क. दंडाला पट्टा बांधला, गळ्यात शिट्टी अडकवली, की या माणसाची उंची दोन इंच वाढायची. एका संध्याकाळी साडेसातला ते थेट आमच्या परसात आले.

"श्रीरंगजी, ही नळी आसमानाकडे काहून करून ठेवली?"

"शनी पाहून राहिलो."

"ब्लॅकआउटमध्ये?"

"ब्लॅकआउट आहे हे शनीला कोणी कळवलं नसेल."

हे बोलायला नको होतं. पण मला राग आला की जीभ माझी राहत नाही. मी म्हटलं, या, डोळा लावा, स्वतः पाहा. त्यांनी डोळा लावला आणि नेमका तोच मिटला. दुसरा मिटा, असं सांगेपर्यंत शनी नळीतून सरकून गेला. तो अर्ध्या मिनिटात सरकतोच, नळी सारखी ढकलावी लागते. हे समजावून सांगायला गेलो तर ते उठून उभे राहिले.

"कुछ नहीं दिखता. नुसता अंधार आहे. लोक तक्रार करून राहिले जी, विमानाला इशारा देतात म्हणून. रविवारी कमिटीची मीटिंग आहे. काय पाहता त्याचा फोटो आणा. नाही आणला तर नळी ठाण्यात जमा."

"पुन्हा एकदा पाहा ना."

"एकदा पाहिलं. आता फोटो."

ज्याला डोळा मिटता येत नाही तो माझी दोन वर्षं ठाण्यात जमा करणार होता. ठाण्यात गेलेली वस्तू कशी परत येते हे मला माहीत आहे. आरसा फुटला असता, आणि दुसरा घासायला मला गुडघे उरले नव्हते.

शेजारच्यांचा कॅमेरा मागून आणला. बारा फोटोंचा एक रोल कपाटात होता. कॅमेरा दुर्बिणीच्या भिंगाला टेकवून लाकडी ठोकळ्यावर बांधला. ज्योती बटण दाबून धरायची. मी नळीच्या तोंडावर पुठ्ठा धरून उभा. कॅमेरा उघडल्याचा धक्का शांत झाला की पुठ्ठा बाजूला करायचा, मनात 'एक' म्हणायचं आणि परत झाकायचं. दोन संध्याकाळी, बारा फोटो. आयुष्यात इतक्या निगुतीने मी काही केलं नव्हतं.

ज्योतीला रोल देऊन बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या स्टुडिओत पाठवलं आणि बजावलं, "आत काय आहे ते सांगू नको. आजकाल लोक कशाचाही काहीही अर्थ काढतात." तिने सांगितलं नाही. ही चूक माझी.

शुक्रवारी पाकीट आलं. बारा फोटो, बाराही काळे. नुसता गुळगुळीत काळा चौकोन, एक ठिपका नाही.

शनिवारी ओव्हरटाइम सोडून स्टुडिओत गेलो. तिथे अंबादास नावाचा म्हातारा रिटचिंगला बसतो. नेगेटिव्हवरचे डाग काढणं हे त्याचं काम. जबलपुरातल्या निम्म्या मराठी मुलींची लग्नं त्याने देवीचे व्रण पुसल्यामुळे जमली असं सांगतात. माझं पाकीट पाहून तो खूश झाला.

"साफ आले ना जी? चार तास बसलो. पैसे नाही लावले, आपला माणूस म्हणून."

"साफ म्हणजे काय केलं?"

"दिवा होता ना एक. बाराही फोटोत." त्याने आवाज खाली आणला. "पूर्ण शहर अंधारात अन् एका घरचा दिवा चालू. मला समजलं, कोणाची तक्रार करायची असंल म्हणून फोटो काढले. म्हटलं जाऊ द्या, कोण्या गरिबाकडून राहून गेला असंल. ब्लेडनं खरडून टाकला."

"तो शनी होता."

त्याला कळेना. मी काचेवर नेगेटिव्ह धरलं. तिळाएवढी जागा खरडलेली होती, इतक्या सफाईने की मी एक्झामिनर असूनही मला भिंग लागलं. मग मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. गिऱ्हाइकं बाहेर निघून गेली. तो मान खाली घालून ऐकत राहिला, त्यामुळे मला आणखी राग आला. पुसायला ज्याला चार तास सापडले त्याला विचारायला एक मिनिट सापडू नये? आणि मी न सांगितलेलं त्याला कळणार कसं होतं? हे दुसरं मी मोठ्याने बोललो नाही.

"नवा रोल द्या," मी म्हटलं.

"रोल मार्केटमध्येच नाही. लढाई आहे." त्याने हातातलं ब्लेड खाली ठेवलं. "मले दाखवा तो. आज."

संध्याकाळी तो परसात आला. ज्याने शनी पुसला त्याला नळीजवळ येऊ द्यावं असंही वाटत नव्हतं, पण दाखवला. त्याने बरोबर डोळा मिटला. शनी सरकला की तो मला हाताने खूण करायचा, मी नळी ढकलायचो. तासभर तो हलला नाही. शेवटी म्हणाला, "कडीच्या आत एक काळी रेघ आहे. बारीक. दिसली काय तुम्हाला?" ती रेघ मला आठवडाभर रोज पाहिल्यावर दिसली होती.

रविवारी दुपारी तो पुन्हा आला. त्याने माझ्याच एका काळ्या फोटोवर, दोन केसांच्या ब्रशने, पांढऱ्या रंगात शनी काढून आणला होता. गोळा, कडी, गोळ्याची कडीवर पडलेली सावली, ती रेघसुद्धा. मी भिंगाखाली धरला. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

"हा फोटो नाही," मी म्हटलं. "हे चित्र आहे. घेऊन जा."

ज्योती म्हणाली, "बाबा, दिसतो तसाच आहे ना? मग? पाच वाजता नळी घेऊन जातील ते."

पावणेपाचपर्यंत मी येरझाऱ्या घातल्या आणि शेवटी चित्र खिशात घालून निघालो. मीटिंगमध्ये मुदत मागितली, ती भय्यासाहेबांनी दिली नाही. मग मी चित्र टेबलावर ठेवलं. सगळे वाकून पाहू लागले, कोणीतरी हात जोडले. भय्यासाहेबांनी फोटो उलटा केला आणि पेन पुढे केलं. "मागे लिहून द्या, स्वतः घेतला म्हणून. रेकॉर्डला पाहिजे."

मी लिहिलं. खाली सही केली आणि सवयीने सहीखाली एकेचाळीस घातला. बावीस वर्षांत पास केलेला तो पहिला खोटा माल.

दुर्बीण वाचली. लढाईही संपली. चित्र काचेत बसवून क्लबात लागलं. शनिवारी कोणी कोणी त्याच्याखाली तेलाचा दिवा लावून जातं.

जानेवारीत रोल मिळाला. मी पुन्हा बारा फोटो काढले, अंबादासला सांगून धुऊन घेतले, त्याने एकालाही बोट लावलं नाही. एक बरा आला. धुरकट, वाटाण्यासारखा, दोन्ही बाजूंना कानांसारखा जरा फुगलेला. पण खरा. तो घेऊन मी क्लबात गेलो आणि म्हटलं, तो काढा, हा लावा.

भय्यासाहेबांनी दोन्ही शेजारी धरून पाहिले. "हा हलला जी. पहिलाच चांगला आहे."

"पहिला फोटो नाही. अंबादासने रंगवलेलं चित्र आहे ते. मी खोटं सांगितलं होतं."

सगळे हसले. मी आवाज चढवला तसे आणखी हसले. भय्यासाहेबांनी चौकट खिळ्यावरून काढली, उलटी केली आणि माझ्या डोळ्यांसमोर धरली.

"एकेचाळीस नंबरचा माल खोटा असतो काय, श्रीरंगजी? आम्हाला शिकवता?"

त्यांनी चौकट परत टांगली, जरा तिरकी. मी ती सरळ केली आणि घरी आलो.