बोगोतात धरलेली जागा

मेल आली तेव्हा मी एका म्हाताऱ्या बाईंच्या दंडाला पट्टा बांधत होते. शीर शोधली, नळी भरली, त्यांना कापूस दाबून धरायला सांगितला आणि मग फोन बघितला. जर्मनीच्या व्हिसासाठीच्या लिमा कार्यालयाच्या प्रतीक्षायादीतून माझं नाव काढलं होतं. कारण एका ओळीत दिलं होतं. याच पासपोर्टवर बोगोताच्या कार्यालयात भेटीची तारीख दिली गेली आहे आणि एका पासपोर्टवर एकाच ठिकाणी नाव ठेवता येतं.

बोगोतात मी अर्ज केलेला नव्हता. तिथे, कोलंबियात, आईसोबत माझा धाकटा भाऊ राहतो, एउदो.

"पुढचे कोण?" असं ओरडून मी पुढच्या माणसाला बसवलं आणि त्याचं रक्त घेतलं. राग आला की माझे हात जास्त स्थिर होतात.

व्हेनेझुएलात, माराकाइबोच्या सरकारी रुग्णालयात मी प्रयोगशाळेत होते. नमुना तपासायचे, निकाल लिहायचे, खाली सही करायचे. पेरूत माझ्या पदवीला अजून मान्यता मिळालेली नाही, त्यामुळे इथे लिमात मी फक्त रक्त काढते आणि सही दुसरंच कोणी करतं. मग जर्मनीतल्या एका लहान गावच्या रुग्णालयाने मला पूर्ण काम देऊ केलं, सहीसकट. उरला होता फक्त व्हिसा.

तो कुठल्या देशातून मागायचा यावर आमच्या घरात महिनाभर फोन चालले होते. मामा म्हणाले काराकासहून कर, आपला देश तो आपला देश. मामांना माराकाइबोतल्या घराकडे बघायला कोणीतरी हवं आहे. एउदोचं म्हणणं बोगोता, तिथे तारखा पटापट मिळतात. माझा नवरा रिक्सियो म्हणाला, "तू म्हणशील तिथून." म्हणजे लिमा, कारण त्याची मोटारसायकल आणि तिच्यावरचा पार्सलांचा धंदा लिमात आहे. नियम मात्र एकच होता, जिथे तुम्ही खरोखर राहता तिथून अर्ज करा. मी लिमात राहते. मी लिमातून नाव दिलं आणि माझ्या दृष्टीने तो विषय तिथे संपला.

जेवणाच्या सुट्टीत मी जिन्यात उभी राहून एउदोला फोन लावला.

"ताई! कळलं ना? बघ कशी तारीख मिळवली!"

"माझ्या पासपोर्टवर तू नाव लावलंस?"

"जागा धरून ठेवली गं. तुझी लिमाची रांग हलतच नव्हती. दोन्हीकडे धरायची, आधी लागेल ती आपली. हे काय नवीन आहे का आपल्याला?"

नवीन नव्हतं. माराकाइबोत टंचाईच्या त्या वर्षांत रांग दिसली की आधी उभं राहायचं आणि मग पुढच्याला विचारायचं, काय मिळतंय? पीठ, साबण, टायर, काहीही. दंडावर पेनाने नंबर लिहून घ्यायचा. मी ड्यूटीवर असताना एउदो एकाच वेळी दोन रांगांत माझी जागा धरायचा, इकडून तिकडे पळायचा, आणि त्याच्यामुळे आमच्या घरात कोंबडीही यायची आणि साबणही. पासपोर्टच्या नूतनीकरणासाठी मी त्याला माझ्या पासपोर्टचा फोटो पाठवला होता. रांग दिसली आणि त्याने मला तिच्यात उभं केलं.

"लिमातून माझं नाव गेलं, एउदो."

"जाऊ दे ना! बोगोताचं आहे की."

"तिथे विचारतील, राहता कुठे."

"माझ्याकडे. सीमेवर कुकुताला होतीस तेव्हाचं कोलंबियाचं रहिवासी कार्ड आहे ना तुझ्याजवळ? झालं तर मग. इथे येऊन राहा चार दिवस. आईच्या खोलीत कॉटसुद्धा आणून ठेवलीय मी."

"कॉट कशाला?"

"झोपायला. कॉट कशाला असते?"

"चार दिवसांसाठी कोणी कॉट विकत घेत नाही. खरं बोल."

त्याचा आवाज उतरला. "माझं माद्रिदचं जमलंय, ताई. गॅरेजमध्ये. पुढच्या महिन्यात निघायचंय. आईजवळ कोणीतरी हवं ना. तुझा व्हिसा यायला तसाही वेळ लागणार, तोवर तू इथे..."

"तोवर तू निसटणार."

"निसटणार काय? आपल्या गावच्या चिनितामाईची शपथ, तुझ्याच भल्यासाठी केलं!"

"चिनितामाईला यात ओढू नकोस. मी लिमात राहते. तिथे जाऊन बोगोतात राहते असं लिहू आणि खाली सही करू?"

"आली! सही आली!" आता त्याचाही आवाज चढला. "त्या सहीपायी रुग्णालय सोडलंस. त्या सहीच्या अरेपा-भाकऱ्या भाजून खाल्ल्या का आपण? कोणाला पडलंय गं, निल्सा राहते कुठे?"

रुग्णालयाची गोष्ट त्याला नीट माहीत होती. साखर तपासायची रसायनं संपली होती आणि संचालक म्हणाले होते, नॉर्मल लिहा, लोक निदान हसत घरी जातील. माझ्यासमोर तेव्हा एक गरोदर मुलगी बसली होती. मी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणीतरी केली.

"मला पडलंय," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

सुट्टीतली दहा मिनिटं शिल्लक होती. मी जर्मनीतल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना लिहिलं, जसं घडलं तसं, भावाला दोष न देता. मोडक्या जर्मनमध्ये दोष द्यायला तसेही शब्द पुरत नाहीत. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत उत्तर आलं होतं. ऑक्टोबर संपेपर्यंत त्या माझ्यासाठी जागा राखून ठेवतील, नंतर त्यांना दुसरं माणूस घ्यावं लागेल. लिमाच्या यादीत आज पुन्हा शेवटी नाव लावलं तर ऑक्टोबरच्या आत तारीख मिळेलच असं कोणी सांगू शकत नव्हतं. बोगोताची तारीख तीन आठवड्यांवर होती.

रिक्सियो हिरवी केळी ठेचून तळत होता. मी सगळं सांगितलं. त्याने झारा खाली ठेवला.

"मग ये जाऊन बोगोताला. आईंनाही बरं वाटेल."

"आणि राहता कुठे विचारलं तर?"

"सांग ना, बोगोतातच."

"मी तिथे राहते?"

"नाही राहत. पण तारीख तर हातात आहे ना, निल्सा. मग एवढं चिडायचं कशाला?"

"त्याने मला विचारलं असतं, की ताई, मी चाललोय, तू आईला बघशील का? मी हो म्हटलं असतं किंवा नाही म्हटलं असतं. त्याने विचारलं नाही. माझा देश बदलून टाकला आणि वर तारीख मिळवली म्हणून शाबासकी मागतोय."

"एउदो तसा वाईट नाही गं."

"वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. मी म्हटलं, त्याने विचारलं नाही. तुम्ही कोणीच विचारत नाही. काराकास म्हणा, बोगोता म्हणा. तुम्हाला मी जिथे हवी तिथून मी अर्ज करायचा."

"मी तर म्हटलं होतं, तू म्हणशील तिथून."

"तूसुद्धा."

तो पुन्हा केळ्यांकडे वळला. त्याचे कान लाल झाले होते. मी कॉम्प्युटर उघडला आणि आईला फोन लावला. बोगोताची तारीख रद्द करण्याआधी तिला सांगायला हवं होतं.

"मीच सांगितलं त्याला," आई पहिल्याच वाक्यात म्हणाली. "ओरडायचं असेल तर माझ्यावर ओरड. लिमातून गेलीस तर तिकडच्या तिकडे जाशील. या वयात मी समुद्र ओलांडून यायची नाही. बोगोतातून गेलीस तर निदान आधी दिसशील तरी."

"मग मला सांगायचंस ना, आई."

"तुला काही सांगायला गेलं की तू नियम सांगतेस."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे मला आणखी राग आला.

"बरं, नियम सोड. एउदो माद्रिदला गेल्यावर मी तिथे किती दिवस राहावं असं ठरलंय तुमचं? व्हिसा मिळाल्यावर मी निघाले तर कॉटवर कोण झोपणार?"

पलीकडे टीव्ही चालू होता.

"कुठे गेल्यावर?" आईने विचारलं.

मी रिक्सियोकडे पाहिलं. तो झारा हातात धरून तसाच उभा होता.

"माद्रिदला. गॅरेजमध्ये काम मिळालंय. पुढच्या महिन्यात."

"मला म्हणाला, तू येतेस म्हणून कॉट आणली."

"मी येतेच आहे. पुढच्या महिन्यात, तो निघायच्या आत. तुला भेटायला. परतीचं तिकीट काढून. बोगोतात मी राहत नाही आणि राहते असं कुठे लिहिणारही नाही. तुझं पुढे काय करायचं ते आपण तिघं एका टेबलाशी बसून ठरवू, आणि तो त्या टेबलावरून उठणार नाही. कळलं?"

"तू लहानपणी अशीच बोलायचीस. हळू आवाजात, पण लागेल असं."

"कळलं का, आई?"

"कळलं." मग तिने फोन तोंडाजवळ तसाच धरून हाक मारली, माराकाइबोत चार घरं सोडून ऐकू जायची तशी. "एउदो! बंद कर तो टीव्ही आणि इकडे ये. ये म्हणते ना! माद्रिद काय, माद्रिद?"

मी फोन चालूच ठेवला. पडद्यावर बोगोताची तारीख होती आणि तिच्याखाली ती रद्द करायचं बटण. एउदो म्हणत होता, "आई, ऐक तर, मी सांगणारच होतो." आई म्हणत होती, "कधी? विमानातून?"

मी बटण दाबलं. खात्री आहे का असं विचारलं गेलं, तिथेही दाबलं. मग लिमाचं पान उघडलं, पासपोर्टचा नंबर टाकला आणि राहण्याचा देश या रकान्यात पेरू लिहिलं. यादीत नाव घेतलं गेलं. तारीख उपलब्ध झाल्यावर कळवण्यात येईल.

"झालं?" रिक्सियोने विचारलं.

"झालं."

"आणि ऑक्टोबर?"

"माहीत नाही," मी म्हणाले. फोनमध्ये आई अजून एउदोला बोलत होती.