बाटलीतला समुद्र

"कुणाला खरं वाटणार न्हाई, पर ह्या बाटलीत समुद्र हाय," म्हणत शिदूनं फवाऱ्याची बाटली बायकोच्या डोळ्यांपुढे हलवली. भिंतीकडे तोंड करून पडलेली बाया हललीही नाही.

शिदूच्या थापा अख्ख्या औंढे गावाला पाठ होत्या. बिबट्या त्याच्याकडे तंबाखू मागायला यायचा आणि चुना नसला तर रुसून जायचा. लोणावळ्याच्या बंगल्यावर राखणदारी करताना पाहुण्यांनाही त्यानं असंच खेळवलं होतं. बायाच्या गळी मात्र त्यानं जन्मात एकच थाप उतरवली होती, आणि ती आठ महिने टिकली होती.

किडन्या गेल्या तेव्हा डॉक्टरांनी तिचं मीठ तोडलं. पहिला अळणी घास तिनं थुंकून टाकला. असलं खाऊन, वर मशीनवर पडून जगायचं नाही, म्हणाली. तेव्हा शिदूनं तिच्यादेखत मिठाचा डबा ओढ्यात उपडा केला. तू मशीनवर जाशील तोवर माझ्याही जिभेला मीठ लागायचं नाही, असा शब्द दिला. त्या शब्दावर ती उठली. आठवड्यातून दोनदा गाडीनं तळेगाव, चार तास मशीन, परत घर. शिदू तिच्यासमोर बसून अळणी आमटी ओरपायचा. मग सरपणाचं निमित्त करून मागच्या खोपीत जायचा आणि गोवऱ्यांमागे दडवलेल्या मडक्यातला खडा जिभेवर ठेवायचा.

आजारपणात बायाचे केस पार बदलले. एके काळी अंगच्याच लाटा होत्या त्यांना, अंबाड्यात मावायचे नाहीत. आता उरले ते भिजल्या सुतळीसारखे सरळ. गेल्या शुक्रवारी गाडीच्या काचेत तिनं स्वतःला पाहिलं आणि मंगळवारी ती उठलीच नाही. हे डोकं माझं नाही, ते घेऊन मी कुठं जात नाही, एवढंच म्हणाली. आज पुन्हा शुक्रवार. पाय सुजून खांब झाले होते. आजचीही खेप चुकली तर काय होईल, ते डॉक्टरांनी शिदूला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

त्याची भाची रेणुका लोणावळ्यात पार्लरमध्ये कामाला होती. तिनं युक्ती सांगितली. समुद्री मीठ कोमट पाण्यात विरघळवायचं, दोन थेंब खोबरेल टाकायचं, केसांवर फवारायचं, मुठीत चुरगाळायचं. फणी लावायची नाही. सरळ केसांना लाटा येतात. बाटलीही तिनंच दिली. मीठ कुठून आणू, हे विचारायची शिदूला गरज नव्हती.

"मालगाडीच्या डायवरनं दिला आणून," शिदू सांगत होता. "बोरघाटात समुद्र लय जड झाला. मागनं दोन इंजिनं जादा लावाय लागली."

बायाच्या ओठाचा कोपरा हलला. शिदूनं तिला उठवून उन्हात बसवलं, फवारलं, बटा मुठीत धरून दाबल्या, सोडल्या. वाळता वाळता केस वळले. त्यानं आरसा धरला. बाया बराच वेळ बघत राहिली. मग तिनं कानामागची एक लाट बोटानं हळूच दाबून पाहिली.

"गाडी किती वाजताची?" तिनं विचारलं.

शिदूला काय करू नि काय नको झालं. त्यानं तिच्या चपलेचा पट्टा सैल केला, सुजलेलं पाऊल आत बसवलं आणि आनंदाच्या भरात आणखी दोन फवारे मारले. एक थेंब कपाळावरून ओघळत ओठापाशी आला. बायाची जीभ बाहेर आली.

तिनं डोळे मिटले. ओली बट तोंडात धरली आणि चोखत राहिली. शिदू दुसरी चप्पल हातात घेऊन तसाच उकिडवा बसला होता. बायानं बट नाकाशी नेली, हुंगली. चपलेतलं पाऊल हळूच बाहेर काढलं.

"आठ म्हैने माज्यासंगं अळणी खाताय म्हणलात," ती म्हणाली. "मग तुमच्या समुद्राला आपल्या खोपीतल्या गोवऱ्यांचा वास कसा?"