हिरव्या पट्ट्यात बसवलेला काटा

मित्रांनो, जीपच्या फळीवर बसून इंजिनाला किती ताप चढला आहे ते सांगायचे, हा माझा धंदा. लोक मला 'हीट मीटर' म्हणत. आता मी जुना झालो आहे. वाटीएवढा माझा गोल चेहरा, त्यावर काच आणि चाळीसपासून एकशेवीसपर्यंत आकडे. सत्तरपासून पंच्याण्णवपर्यंत हिरवा पट्टा आणि शंभराच्या पुढे तांबडा. पाठीमागून तांब्याची बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढे पितळी टोक आहे. ते टोक इंजिनाच्या पाण्यात बुडालेले असते. पाणी तापले की माझा काटा सरकतो.

कारखान्यात मला उकळत्या पाण्यात बुडवले होते. काटा शंभरावर थांबला, तेव्हाच माझ्या तोंडावर काच बसली. खरे बोलता येते की नाही हे पाहूनच आम्हाला बाहेर सोडतात.

ही गोष्ट सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या काही वर्षांतली. मालवणचे हरिश्चंद्र मस्कतला बरीच वर्षे नोकरी करून परत आले होते. त्यांनी डिझेलची एक जुनी जीप घेतली. ती मालवणहून कुडाळ, सावंतवाडी करत आंबोलीचा घाट चढून बेळगावला उतारू नेई. पण हरिश्चंद्रांना ती जीप नुसती धावायला नको होती, ती उडायला हवी होती. म्हणून त्यांनी तिला टर्बो बसवला.

टर्बो म्हणजे काय ते सांगतो. इंजिनातून जो धूर जोराने बाहेर पडतो, त्याच्यावर एक पंखा फिरतो. तो पंखा दुसऱ्या पंख्याला फिरवतो आणि तो दुसरा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. हवा जास्त आली की डिझेलही जास्त जाळता येते, आणि गाडी चढणीला बैलासारखी न कण्हता हरणासारखी पळते. हरिश्चंद्रांनी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेलही वाढवले. पण मुलांनो, चुलीत दुप्पट लाकडे घातली तर भात लवकर शिजतो, तसा करपतोही लवकर. म्हणूनच अशा गाडीत इंजिनाची नाडी पाहणारे कोणीतरी लागते.

त्या नाडीवरूनच पहिला वाद झाला. चालकासमोरच्या फळीला भोके दोनच होती आणि आम्ही मीटर होतो तीन. टर्बोचा दाब सांगणारा, तेलाचा दाब सांगणारा आणि पाण्याचा ताप सांगणारा मी.

बाबली हा जीपचा चालक. चाळिशीचा, सडसडीत, कमी बोलणारा. तो म्हणाला, "हरीभाऊ, माका तेल आणि पाणी दिसाक होया. टर्बोचो काटो नसलो तरी चलात. गाडी ओढता की नाय, ता माझ्या पायाक कळता."

"आणि माणसांक कसा कळतला?" हरिश्चंद्र म्हणाले. "मालवणात टर्बोची गाडी एकच आसा. तो काटो उडताना लोकांनी बघूक होयो!"

"लोक बघतले तो काटो, आणि इंजिन मरतला तेलान."

"तेलाक तांबडो दिवो लावतंय. मगे तर झाला?"

"दिवो मेल्यार पेटता, हरीभाऊ. काटो मरायच्या आधी सांगता."

किती खरे बोलला तो! काटा हळूहळू सरकतो, तेवढा वेळ माणसाला विचार करायला मिळतो. दिवा मात्र एकदम पेटतो, तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. पण मालकी हरिश्चंद्रांची. तेलाचा मीटर फडक्यात गुंडाळून सीटखाली गेला. टर्बोचा काटा मधोमध बसला आणि त्याच्या शेजारी मी. निदान मला तरी ठेवले, या आनंदात मी होतो. बाबलीने माझी काच आपल्या शर्टाच्या बाहीने पुसली आणि म्हणाला, "आता तुझ्यारच भिस्त रे बाबा."

आमची जोडी चांगली जमली. घाटात काटा पंच्याण्णवच्या पुढे गेला की बाबली पाय सैल करी. शंभराला टेकला की वळणावर गाडी बाजूला घेई. इंजिन लगेच बंद करत नसे. थोडा वेळ हळू चालू ठेवी, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राही आणि पाणीही फिरत राही. काटा उतरला की आम्ही पुढे निघत असू. चालकाची अब्रू म्हणजे त्याच्या हाती दिलेले इंजिन. 'याने इंजिन जाळले' असे एकदा नाव झाले की मालवणपासून सावंतवाडीपर्यंत कोणी त्याच्या हाती किल्ली देत नसे. बाबलीची ती अब्रू माझ्या काट्यावर टांगलेली होती, आणि मला त्याचा अभिमान होता.

तोंडवलीच्या काशीबाई आमच्या नेहमीच्या उतारू. त्यांची मुलगी बेळगावला दिली होती. त्या बाबलीच्या पाठीमागेच बसत आणि त्यांचे डोळे टर्बोच्या उडणाऱ्या काट्यावर नव्हे, तर माझ्यावर असत.

"रे बाबली, तो तांबड्यात चललो रे! थांबय गाडी!"

"अजून नाय गेलो, काशीबाय. शंभराक आसा."

"तू शंभराची वाट बघ. माका उतरय, मी चलत येतंय!"

सगळी जीप हसे. पण हसता हसता बाकीचे उतारूही माझ्याकडे पाहू लागले. कोणी म्हणे थांबव, कोणी म्हणे पाणी घाल. घाटात दोनदा थांबावे लागे आणि एसटी भोंगा वाजवत पुढे निघून जाई. 'एसटीच्या आधी पोचवणार' अशी बढाई हरिश्चंद्रांनी बाजारभर मारली होती. लोक त्यांना चिडवू लागले, "काय हरीभाऊ, तुमचो टर्बो आंबोलीक चाय पिऊक थांबता मां?"

त्याचा राग त्यांनी कोणावर काढावा? पंपाचा स्क्रू थोडा मागे घेतला असता तर प्रश्न मिटला असता. त्यांनी तसे केले नाही. एका दुपारी बाबली जेवायला गेला असताना ते स्वयंपाकघरातले दोन चमचे घेऊन आले. एका चमच्याने माझी कड उचकटून काच काढली. मग दोन्ही बाजूंनी चमचे सारून काटा उपसला आणि पुन्हा बसवला. पण जिथे होता तिथे नाही, चांगला वीस अंश खाली.

मित्रांनो, मी मोडलो असतो तर बरे झाले असते. मोडलेल्या मीटरवर कोणी विश्वास ठेवत नाही. मी मात्र धडधाकट होतो, सरकत होतो आणि प्रत्येक आकडा खोटा सांगत होतो. ज्या हातांनी मला मुंबईहून जपून आणले, त्याच हातांनी माझे तोंड वाकडे केले. आणि ओरडून सांगायला मला आवाज नव्हता.

पुढच्या खेपेला हरिश्चंद्र काशीबाईंना म्हणाले, "काशीबाय, तुझो काटो आता शाणो झालो हां. भियां नको."

त्या दिवशी हरिश्चंद्र स्वतः पुढे बसले होते. बेळगावचा एक व्यापारी आपल्या गाड्यांना असाच टर्बो बसवायचा म्हणत होता, त्याला जीप दाखवायची होती. दाणोली मागे पडली आणि घाट सुरू झाला. टर्बोचा काटा नाचत होता. मी हिरव्यात होतो. पाणी मात्र तांबड्यात जाऊन उकळत होते.

बाबलीने नाक वर केले. "हरीभाऊ, वास येता. गाडी जड झाली हा."

"काटो बघ. काटो खंय आसा?"

"हिरव्यात."

"मगे? नाक मोठा की मीटर? दाब!"

बाबलीने माझ्याकडे पाहिले. असे पाहिले, जसा माणूस जुन्या मित्राला विचारतो, 'खरं ना रे?' आणि मी हिरवा चेहरा घेऊन त्याच्यासमोर बसून राहिलो. त्याने पाय दाबला. पुढच्याच वळणावर धडाम आवाज झाला, बॉनेटमधून वाफेचा लोट उठला आणि इंजिन जागच्या जागी बसले.

घाटमाथा जवळच होता. सगळ्यांनी उतरून आंबोलीच्या पहिल्या टपरीपर्यंत जीप ढकलत नेली. टपरी शेवंती चालवी. तिथे सगळ्या उतारूंसमोर हरिश्चंद्र कडाडले, "इंजिन जाळलंस माझा! मालवणात तुका कोण गाडी देतलो नाय, ह्या ध्यानात ठेव!"

"मी काटो बघान चलवलंय," बाबली म्हणाला. "तुमीच सांगितलास बघूक."

"मगे काटोच बिघडलेलो! तुका कळूक नाय?"

ऐकलेत? मला खोटे बोलायला लावणारा माणूसच मला खोटारडा म्हणत होता. आणि बाबलीने माझ्याकडे पाहून मान फिरवली. तो क्षण मला उकळत्या पाण्यापेक्षा जास्त चटका देऊन गेला.

पण बाबली मान फिरवून तिथेच राहिला नाही. इंजिन निवल्यावर त्याने पान्याने माझे पितळी टोक सोडवले, तांब्याची नळी कुठे मुडपू नये म्हणून हातावर गुंडाळून घेतली आणि मला टपरीत आणले. चुलीवर चहा उकळत होता.

"शेवंती, हेका जरा उकळत्या टोपात बुडवूचा आसा."

"माझ्या चायत? तुझ्या गाडीचा ता तेलकट टोक? शिरा पडो! पाण्याच्या टोपात घाल."

पाणी खळखळून उकळत होते. बाबलीने टोक आत सोडले. मी चढलो, चढलो आणि ऐंशीच्या अलीकडेच थांबलो. त्याने मला बाहेर काढून निवू दिले आणि पुन्हा बुडवले. मी पुन्हा नेमका तिथेच थांबलो.

"बिघडलेलो काटो कधी हय, कधी थंय जाता," बाबली हळूच म्हणाला. "हो दोनय वेळा थंयच थांबलो. हो बिघडूक नाय. हेका कोणीतरी खाली बसवल्यान." त्याने माझ्या कडेवरच्या उचकटल्याच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

हरिश्चंद्र दुसरीकडे पाहू लागले. काशीबाई मात्र बाकावरून उठल्याच. "रे हरी, तू माका म्हणालंस, काटो शाणो झालो. शाणो कसो झालो, ता तुका बरा म्हायत!"

"पॅसेंजर भियतत म्हणान केलंय," हरिश्चंद्र पुटपुटले. "मोठासा काय ता? जरासो खाली घेतलंय."

"आणि माका इंजिन जाळ म्हणान सांगितलास," बाबली म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. त्याने शेवंतीकडून दोन चमचे मागून घेतले, माझी काच काढली, टोक उकळत्या पाण्यात असतानाच काटा उपसून शंभरावर बसवला आणि काच लावली. मग मला आणि जीपच्या किल्लीला एकत्र हरिश्चंद्रांच्या हाती दिले.

"आता हो खरा सांगतलो. ऐकणारो दुसरो बघा."

सावंतवाडीकडे जाणाऱ्या एसटीत तो चढला. त्याने मागे वळून पाहिले नाही. मला वाटत होते, तो मला बरोबर नेईल. पण मी त्याचा नव्हतो, मालकाचा माल होतो. आणि त्या दिवशी माझ्याच हिरव्या चेहऱ्याने त्याला फसवले होते, तो तरी मला कशाला नेईल?

काशीबाईंनी मालवणात, तोंडवलीत, वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर ही हकीकत सांगितली. बाबलीच्या हाती महिन्याभरातच कुडाळच्या एका मालकाची किल्ली आली. हरिश्चंद्रांनी इंजिन दुरुस्त करून घेतले, पण मला पुन्हा बसवले नाही. माझ्या भोकात त्यांनी घड्याळ लावले. घड्याळाकडे पाहून कोणी गाडी थांबवा म्हणत नाही.

आता मी एका गॅरेजात खिळ्यामोळ्यांच्या डब्यात पडून आहे. उकळत्या पाण्यात घालाल तर शंभरच दाखवीन. पण कोणी घालत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल. तुमच्या हाती गाडी येईल, बोट येईल, एखादे कारखान्याचे यंत्र येईल. समोर भोके दोन असतील आणि मीटर बरेच. तेव्हा जो डोळ्यांना गंमत दाखवतो तो आधी बसवू नका. जो नको ती बातमी वेळेवर आणतो, त्याला समोर जागा द्या. आणि त्याची बातमी आवडली नाही, तर चमचे शोधू नका. गाडी कडेला घ्या, इंजिन हळू चालू ठेवा आणि काटा आपणहून उतरेपर्यंत वाट पाहा.