नावं संपेपर्यंत

“एक शब्द बोलू नका साहेब,” मशीनवाले काका म्हणाले आणि वॉशिंग मशीनच्या मागे निम्मे आत शिरले.

बाथरूमच्या दारात निवृत्त साहेब चहाचे दोन कप घेऊन उभे होते. विमा कचेरीतली खुर्ची सोडून त्यांना सहा वर्षं झाली होती, पण मतं द्यायची सवय काही सुटली नव्हती. मोबाइल पूर्वीचे चांगले, बॅटरी बाहेर काढून पुसता तरी यायची. बिस्किटांचा पुडा बाहेरून तेवढाच, आत मात्र हवा जास्त. टीव्ही भिंतीएवढा झाला आणि आवाज डासाएवढा. आज त्यांच्याकडे सिनेमावर मत होतं, आणि काकांना नेमकं तेच नको होतं.

“अहो, मी गोष्ट कुठे सांगतोय?” साहेब म्हणाले. “एवढंच म्हणतोय की पाचव्या भागानंतर त्यात राम राहिला नाही. नुसतं ताणलंय. आता हा आठवा, शेवटचा म्हणे. पुतण्यानं काल बळंच नेलं मला.”

“मी आज जाणार आहे, मुलीबरोबर,” मशीनमागून आवाज आला. “साडेपाचचा खेळ आहे. तोवर मला काही कळायला नको.”

“बरं बाबा, राहिलं.” साहेबांनी चहाचा एक घोट घेतला. पण पोटात राहील तर ते साहेब कसले! “तो इंजिनवाला म्हातारा आहे ना, त्याचं शेवटी...”

काकांनी मशीनच्या बाजूने हात लांब केला आणि कपडे पिळायचं बटण दाबलं. रिकामा ड्रम घरघरत सुटला. साहेबांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. ड्रम थांबेपर्यंत त्यांचं सांगून झालं होतं आणि कपातला चहा गार झाला होता.

गेले दोन दिवस काकांचं हे असंच चाललं होतं. शुक्रवारी सिनेमा लागला आणि त्यांचं जगणं मुश्कील झालं. मेकॅनिक लोकांच्या मोबाइल ग्रुपवरून ते बाहेर पडले. चहाच्या टपरीवर जाणं बंद केलं, कारण टपरीवाल्याला दुसऱ्याच्या पेल्यात नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नसे. शनिवारी एका घरी बाई आणि तिचा नवरा शेवटावरून भांडत होते, तेव्हा काका कानात कापूस घालून बसले. पण कापूस घातला की मशीनही ऐकू येत नाही, आणि काकांचं सगळं पोट त्या कानांवर चाललेलं. मशीनवर पान्याचं मागचं टोक तीनदा ठोकायचं, झाकणावर तळवा ठेवायचा आणि ऐकायचं. बेअरिंग गेलंय, पट्टा सैल झालाय की पंपात मोजा अडकलाय, ते त्यांना उघडायच्या आधी कळे. कंपनीची नवी पोरं आता वायर जोडतात आणि लॅपटॉपात बघतात. काकांचं त्यावर मत एकच होतं. मशीनमध्ये अठरा प्रोग्राम दिलेत, अख्खं जग त्यातले दोन वापरतं, बाकीचे सोळा बिघडायला ठेवलेत.

“अहो, सिनेमाच आहे तो,” सकाळी बायको म्हणाली होती. “शाळेचा पेपर नाही फुटायला.”

“तुला नाही कळायचं.”

“मला कसं कळेल? मला कधी नेलंत तुम्ही?”

हे मात्र खरं होतं. त्या सिनेमांना फक्त दोघंच जात, बाप आणि लेक. तरंगत्या बेटांच्या त्या गोष्टीचा पहिला भाग आला तेव्हा पोरगी आठ वर्षांची होती. आकाशात बेटं तरंगतात, बेटांमधून एक जहाज उडतं, आणि जहाजाच्या पोटात एक म्हातारा इंजिनवाला असतो. तो इंजिनावर पाना ठोकतो आणि कान लावून ऐकतो. हा म्हातारा पडद्यावर आला तशी पोरगी सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, “पप्पा, हे तर तुम्हीच!” पुढच्या दोन रांगा वळून हसल्या. तेव्हापासून त्या म्हाताऱ्याचं नाव दोघांत ‘ठोक्या’ पडलं, आणि काकांचंही.

त्या दिवशी तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. सिनेमाभर ते हलत राहिले आणि एक चप्पल कुठेतरी घरंगळली. नावं सुरू झाली, लोक उठून गेले, आणि हे दोघं खुर्च्यांखाली वाकून चप्पल शोधत बसले. ती सापडली तेव्हा पडद्यावरची नावं संपली होती, आणि अचानक सिनेमातला आणखी एक छोटासा प्रसंग सुरू झाला. जहाज कोसळलं म्हणून रडत लोक घरी गेले होते आणि इथे इंजिन धुगधुगत होतं. अख्ख्या थेटरात ते फक्त या दोघांनी पाहिलं. झाडू घेऊन आलेली बाई खुर्चीखालून झाडत म्हणाली, “बरं आहे, हिला पाय उचल म्हणायला नको.”

तिथून नियमच झाला. दर भागाला नावं संपेपर्यंत बसायचं. सात भाग झाले, पोरगी शाळेतून कॉलेजात गेली, शिकली, पाच तासांवरच्या शहरात नोकरीला लागली. तिथल्या गोष्टी ती आता फोनवर सांगत नसे, सांगितल्या तर काकांना त्यातलं निम्मं कळत नसे. पण भाग आला की ती येई. त्यासाठी तरी येई.

“मशीनला काही धाड भरलेली नाही साहेब,” काका हात पुसत म्हणाले.

“आवाज येत होता हो सकाळी. खरंच येत होता.”

तो आवाज महिन्यातून एकदा येत असे, आणि काकांना त्याचं कारण ठाऊक होतं. एरवी ते अर्धा तास बसायचे, बिस्किटांच्या पुड्यातल्या हवेबद्दल दोघं तावातावानं बोलायचे. आज त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. त्यांनी पाने पिशवीत भरले. साहेब दारापर्यंत आले, जरा ओशाळलेले.

“रागावू नका. गोष्ट नाही सांगत, पण तुमच्या भल्याचं एक सांगतो. शेवटी नावं सुरू झाली की सरळ उठा. या वेळी नंतर काही दाखवत नाहीत. शेवटचाच भाग ना. मी उगाच बसलो, गुडघे धरले नुसते.”

काका जिन्यातच थांबले. ठोक्या जगतो की मरतो ते कानाआड केलं, आणि हे मात्र सरळ कानात येऊन पडलं. म्हाताऱ्याला चार शिव्या घालाव्यात असं वाटलं, पण खाली उतरेपर्यंत राग निवला. पोरीला हे सांगायचं नाही, त्यांनी ठरवलं. तिला आशेनं बसू दे. काही आलं नाही तर आलं नाही, बसणं तर होईल.

बस एकला यायची होती. दीड वाजला, दोन वाजले. तिचा सकाळचा ‘निघाले’ एवढाच निरोप फोनवर होता. काकांनी तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा घंटा वाजून गेली. ते घरात या खोलीतून त्या खोलीत फिरले, चालू पंखा बंद केला, बंद पंखा चालू केला. मग त्यांच्या डोक्यात तिकिटांचं आलं. तिकिटं फोनात होती, काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन. फोनाची बॅटरी ऐनवेळी बसली तर? ते कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि त्या चौकोनाचे दोन कागद काढून आणले.

“पप्पा, तुम्ही तिकिटं छापून आणलीत?” पोरगी थेटरच्या दारातच भेटली, सव्वापाचला, पाठीला पिशवी, केस कापलेले. “बस बंद पडली होती, आणि फोन पिशवीत तळाला. सॉरी.”

“आलीस ना. बास झालं.” त्यांचा दिवसभर टांगणीला लागलेला जीव एकदम जागेवर आला. “मला काही म्हणजे काही माहीत नाही हं. दोन दिवस कानात कापूस घालून फिरलोय. तू पण पाहिलं-ऐकलं नाहीस ना काही?”

“मी म्हटलं होतं ना, रविवारी येते,” ती म्हणाली आणि त्यांच्या हातातले कागद घेऊन पुढे झाली. “चला, जाहिराती सुरू होतील.”

सिनेमा चांगला होता. निदान काकांना चांगला वाटला. मध्ये एका लांबलचक राजसभेत सगळे नुसते बोलत होते, तेव्हा ती उठून मक्याच्या लाह्या घेऊन आली. ती खुर्चीत टेकली आणि पडद्यावर तोफ उडाली. वेळ साधावी तर हिनं, काकांच्या मनात आलं, आणि त्यांना कौतुक वाटलं.

ठोक्या मेला नाही. जहाजाला नवं इंजिन बसवतात, त्याला ठोकावं लागत नाही, ऐकावं लागत नाही, ते स्वतःच स्वतःचं दुखणं सांगतं. मग ठोक्या एका छोट्या बेटावर उतरतो. कुणी त्याला उतर म्हणत नाही. तो पाना कमरेला खोचतो, जहाजाच्या अंगावर तीनदा ठोकतो, तळवा ठेवतो, आणि जहाज सुटतं. डोळे पुसायला काकांनी मान वळवली, तर पोरगी पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती. लेकीची माया, असं वाटून ते अंधारात हसले, आणि तीही हसली.

पडदा काळा झाला. पहिलं नाव वर सरकू लागलं. आणि पोरीनं वाकून पायाशी ठेवलेली पिशवी उचलली, पट्टा खांद्यावर घेतला आणि उठून उभी राहिली.

“चला पप्पा. नऊची बस आहे माझी, आईलाही भेटायचंय.”

काका बसूनच राहिले. पंधरा वर्षांत नावं सुरू झाल्यावर ती एकदाही उठली नव्हती. एकदा अंगात ताप असताना बसली होती, एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी. नंतर काही नाही हे साहेबांना माहीत होतं, कारण साहेब बसून आले होते. काकांना माहीत होतं, कारण साहेबांनी सांगितलं होतं. हिला कुणी सांगितलं असतं तर ती दारातच बोलली असती, असलं काही तिच्या पोटात राहत नाही. बेअरिंगचा आवाज ऐकावा तसं त्यांना सगळं एकामागून एक ऐकू आलं. लाह्यांची वेळ. ‘रविवारी येते.’ त्यांच्या तोंडाकडे लागलेले तिचे डोळे. त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं, छातीत कुणीतरी पाना फिरवावा इतकं. आणि त्याच वेळी हेही कळलं की पाच तासांची बस धरून, बंद पडलेल्या बसमध्ये ताटकळून, पाहिलेलाच सिनेमा पुन्हा बघायला ती आली होती.

उभ्या उभ्याच तिच्याही लक्षात आलं. तिचा हात खांद्यावरच्या पट्ट्यावर तसाच राहिला.

“पप्पा,” ती हळू म्हणाली, “शुक्रवारी ऑफिसातल्या सगळ्यांनी मिळून...”

“नावं होऊ देत गं,” काका म्हणाले. “किती माणसं राबलीत, बघ तरी.”

“पण शेवटी...”

“असेल काही, नसेल काही. आपण कुठे कधी आधी विचारून बसलो?”

ती बसली. पिशवी तिनं मांडीवर घेतली. लोक त्यांच्या गुडघ्यांना घासून बाहेर पडत होते, कुणी म्हणत होतं चौथा भाग खरा, कुणी म्हणत होतं आता याचं दुसरं काहीतरी काढतील बघ, सोडतायत होय. थेटरातले दिवे लागले. पडद्यावरची नावं फिकी झाली, तरी सरकत राहिली. सुतार, शिंपी, रंगारी, आचारी, गाड्या चालवणारे. काका एकेक वाचत होते, किंवा वाचल्यासारखं करत होते. तिनं आपला हात त्यांच्या हातावर ठेवला. त्या हाताला आता कसल्याशा महागड्या मलमाचा वास होता, आणि तो बराच वेळ तिथे राहिला.

शेवटचं नाव गेलं. पडदा पांढरा झाला आणि पांढराच राहिला.

“नाही काही,” काका म्हणाले.

“नाही,” ती म्हणाली.

झाडूवाला त्यांच्या रांगेत आला होता. सांडलेल्या लाह्या गोळा करत तो त्यांच्याजवळ येऊन थांबला आणि म्हणाला, “ताई, पाय जरा.” तिनं दोन्ही पाय उचलले. झाडू खालून गेला, पुढच्या खुर्चीकडे वळला, पार रांगेच्या टोकाला पोचला, तरी ती पाय अधांतरी धरून बसली होती. काकांनी तिला पाय खाली ठेव म्हटलं नाही.